हिरवा ठिपका

बशीवर कप किणकिणायला लागला तेव्हा आम्ही दोघी गप्प बसलो होतो. लाइट गेली होती, पंखा थांबला होता आणि बेबीबाईंच्या क्वार्टरमध्ये भिंतीवरची पाल सोडली तर कुणी हलत नव्हतं. त्यामुळे तो आवाज फार मोठा वाटला. बारीक, चिनीमातीचा, थांबायचं नाव न घेणारा. बेबीबाईंनी कप पटकन खाली ठेवला आणि बशी पदराने पुसली, जसा काही गुन्हा बशीचाच होता.

“बशी वाकडी हाये,” त्या म्हणाल्या.

मी बशीकडे बघितलं. चांगली सरळ होती.

“मावशी, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“हात.”

“चहा गरम होता.”

“निवला होता. मी प्यायले ना.”

बेबीबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. चिमटीतली बारूद कमी की जास्त हे नुसतं बघून सांगणारी नजर होती ती. मग अगदी सहज विचारलं, “अन् तुले कितवा?”

नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. सासूलासुद्धा नाही.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगाले कोण पाह्यजे? कांद्याची भाजी रोज परवीनच्या डब्यात टाकून राहिली तू. वास सहन होत नाही तुले.” त्या हसल्या नाहीत. “आता ऐक मोना. तू माह्या हाताचं बोलू नको, मी तुह्या पोटाचं बोलत नाही. हा महिना सरला का मी रिटायर. मंग तू गावभर पेढे वाट.”

“आणि तोवर?”

“तोवर हिरवा ठिपका,” त्या म्हणाल्या आणि उरलेला चहा मोरीत ओतून आल्या. कप दोन्ही हातांनी धरला होता.

ठिपक्याचं सांगायचं तर आधी आमच्या दरवाजाचं सांगावं लागेल.

आमचा कारखाना संरक्षण खात्याचा. बंदुकीच्या गोळीच्या बुडाशी एक इवलीशी टोपी असते. घोडा ओढला की आधी ती पेटते, मग गोळी सुटते. त्या टोपीत चिमूटभर बारूद भरायची, हे आमच्या भराई सेक्शनचं काम. ती बारूद फार रागीट. तिला धक्का चालत नाही, घासलेलं चालत नाही, अंगातली वीज चालत नाही. म्हणून आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र, केसातल्या पिना, सगळं काढून ठेवायचं. सुती कपडे, डोक्याला टोपी. दाराशी भिंतीत तांब्याची पट्टी बसवलेली आहे, तिच्यावर तळवा टेकवायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते.

आणि तळवा टेकवलेला असतानाच हात सांगायचा. “हात आहे” किंवा “हात नाही.” एवढंच. रात्री झोप झाली नसेल, घरात भांडण झालं असेल, पाळी असेल, ताप असेल, नाहीतर नुसतंच मन ठिकाणावर नसेल, तर म्हणायचं “हात नाही.” कारण कुणी विचारायचं नाही. त्या दिवशी ती बाई बाजूच्या खोलीत खोक्यांना लेबलं लावत बसायची. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच माहीत नाही, कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण त्याचे दोन नियम पक्के. स्वतःचा हात खोटा सांगायचा नाही. आणि दुसरीच्या हाताबद्दल कधीही, कितीही दिसत असलं तरी, तोंड उघडायचं नाही. तो हात तिचा, ती सांगेल.

काम जोडीनं. जाड काचेच्या आडोशाला एक बाई बारूद मापून टोप्यांत सोडते, दुसरी ती पाटी हळूच पुढं सरकवते. जोडी ठरलेली असते आणि बदलत नाही, कारण तिचा श्वास तुम्हाला कळावा लागतो. जोडीतल्या एकीनं “हात नाही” म्हटलं की दुसरीही बाहेर. टेबल बंद. माझी जोडी बेबीबाई गेडाम. त्या मापायच्या, मी सरकवायचे.

मग वर कुठंतरी कुणालातरी साक्षात्कार झाला, की संरक्षण खात्यातल्या कामगाराला महिना भरला म्हणून पगार मिळतो. हे फार जुनाट आहे, असं ठरलं. आधी कागद आला. कागदामागून सल्लागार आला. वय माझ्याएवढं, बूट माझ्या पगाराएवढे. नाव अद्वैत, आणि आम्ही त्याला नुसतं अद्वैतच म्हणावं असा त्याचा आग्रह. आमच्या सेक्शनवर देखरेख करणारे चार्जमन डोंगरे त्याला पहिल्या दिवसापासून ‘अद्वैत सर साहेब’ म्हणू लागले.

त्यानं आम्हाला कम्युनिटी हॉलमध्ये बसवलं. पडद्यावर एक बाई दोन्ही हात वर करून डोंगरावर उभी होती. तिनं काय केलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“आजपासून तुम्ही स्वतःला कामगार समजू नका,” अद्वैत म्हणाला. “तुम्ही देशाचं मानवी भांडवल आहात. तर मला आवडेल, की कुणीतरी पुढे येऊन आपली स्टोरी शेअर करावी.”

कुणी उठलं नाही.

“कॅन्टीनच्या डाळीची स्टोरी शेअर कर ना,” परवीन माझ्या कानात म्हणाली. “रोज पतली होते बिचारी.”

पुढच्या चित्रात तीन ठिपके होते. हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येकाला गुण मिळणार, गुणांवरून ठिपका, ठिपक्यावरून पगारवाढ. ठिपक्यांचा फलक सेक्शनच्या दाराशी लागणार, म्हणजे सगळ्यांना प्रेरणा मिळेल. गुण कशाचे, तर ‘उपलब्धते’चे. भराईच्या खोलीत जितका वेळ बसाल तितके गुण.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दाराशी उभा राहिला आणि आम्ही एकेक करून हात सांगत होतो ते त्यानं बघितलं. त्या दिवशी दोघी “नाही” म्हणाल्या, जोड्या मिळून चौघी लेबलांकडे गेल्या.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

“लोकल प्रथा आहे,” आमचे असोलकर साहेब म्हणाले. कामगारांच्या नेमणुका, बढत्या, पगार असं सगळं बघायचे ते. आवाजात घरात पाहुणे असताना पोर उघडं फिरावं तशी लाज होती. “म्हणजे ऐच्छिक.”

“म्हणजे रोज सकाळी एम्प्लॉयी स्वतःच ठरवते, काम करायचं की नाही?” अद्वैत म्हणाला. “इंटरेस्टिंग.”

त्याच्या तक्त्यात त्या प्रथेला नाव मिळालं, ‘स्वघोषित अनुपलब्धता’. कुणी बंदी घातली नाही. बंदी घातली असती तर युनियनला निदान ओरडता आलं असतं. फक्त ‘नाही’ म्हटलं की गुण कापले जाऊ लागले. युनियनचे तायडेभाऊ गेटवर एकदा बोलले, मग साहेबांच्या खोलीत चहा प्यायले, मग त्यांचा घसा बसला तो बसलाच.

आणि काय चमत्कार. सेक्शनमधल्या सगळ्या बायकांच्या तब्येती एकदम सुधारल्या. कुणाला ताप येईना, कुणाची झोप मोडेना, कुणाचा नवरा पिऊन येईना. परवीनच्या धाकट्याला डेंग्यू झाला, ती रात्रभर दवाखान्यात बसली आणि सकाळी पट्टीवर तळवा टेकवून म्हणाली, “हात आहे.” तिचे डोळे टोमॅटोसारखे लाल होते. डोंगरेंनी टॅबवर हिरवी खूण केली. पुढच्या मीटिंगला अद्वैतनं पडद्यावर एक रेघ दाखवली, वरून खाली घसरत जाऊन शून्याला टेकलेली. स्वघोषित अनुपलब्धता संपली होती. साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं, म्हणून आम्हीही वाजवल्या.

यात मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर बेबीबाईंचा. कारण त्यांना हे सगळं आवडलं होतं.

“पोट्टं खोटं नाही बोलत,” त्या अद्वैतबद्दल म्हणायच्या. “इतकी वर्षं मी इथं मरमर मेली. ती सुशी अर्धा दिवस झोपा काढे, तरी तिचा पगार अन् माहा पगार सारखा. कोणी कधी माह्या नावापुढं काही लावलं? एक ठिपका तरी लावला का? आता लावला.”

फलकावर त्यांचं नाव पहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत जाता जाता त्या फलकावरची धूळ पदरानं पुसायच्या. फक्त आपल्या नावापुरती. भाच्याला बोलावून गेटबाहेरून फोटो काढता येतो का तेही त्यांनी विचारलं होतं. डोंगरे म्हणाले, संरक्षण खातं आहे बाई, फोटो काढला तर भाचा आत जाईल.

पण गोष्ट नुसत्या मानाची नव्हती. ओळीनं तीन तिमाही हिरवा ठिपका मिळाला की पगाराची एक पायरी वर. रिटायर होताना जो पगार, त्यावर पेन्शन. बेबीबाईंच्या दोन तिमाही हिरव्या झाल्या होत्या आणि तिसरी संपत आली होती. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा सुरतेला, त्याची बायको फोन उचलताना आधी उसासा टाकायची. क्वार्टर सोडावं लागणार, बाहेर भाड्यानं खोली घ्यावी लागणार. ती एक पायरी म्हणजे बेबीबाईंना मरेपर्यंत कुणाच्या दारात उभं राहायचं की नाही, याचा हिशेब होता. हे मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं, आणि एकदा नाही, दहादा.

माझ्या पोटाचं म्हणाल, तर नियम असा, की गरोदर बाईनं भराईत बसायचं नाही, कळवलं की लगेच लेबलं. पूर्वी कळवलं की सगळ्या मिळून लिंबूपाणी वाटायच्या. आता कळवलं की ठिपका लाल. मी म्हटलं, तिमाही संपू दे, मग कळवू. रेवा, तू तेव्हा मुगाच्या दाण्याएवढी असशील. तुझ्यासाठी मी तेव्हा पहिली कुठली गोष्ट केली असेन तर ती ही, की तुला लपवलं. नवरा त्याच कारखान्यात, दुसऱ्या सेक्शनला. तो म्हणाला, “सांगून टाक ना.” मी म्हटलं, “तुझा ठिपका पिवळा, माझा लाल झाला तर डॉक्टरला काय ठिपके दाखवायचे?” त्याचंही बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. त्या वर्षी आमच्या वसाहतीत घरोघर सगळ्यांचं बरोबर होतं.

तर तो चहाचा दिवस रविवार. आणि मग सोमवार.

कपडे बदलायच्या खोलीत बेबीबाई माझ्या आधीच आल्या होत्या. बांगड्या काढून कप्प्यात ठेवल्या होत्या. डोक्याला सुती टोपी घालून माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“बांध गं,” त्या म्हणाल्या. टोपीच्या मागच्या नाड्या.

आता हे खरं, की अधूनमधून त्या माझ्याकडून नाड्या बांधून घ्यायच्या. आणि हेही खरं, की बहुतेकदा स्वतःच बांधायच्या, बोलता बोलता, न बघता. मी गाठ मारली. मानेवर घामाचा थेंब होता, पण सकाळ गरमच होती. मला काहीच कळत नव्हतं, आणि मी आदल्या दुपारपासून दुसरं काही बघत नव्हते.

“झोप झाली का मावशी?”

“ढोरासारखी. तुही?”

“झाली.”

“मंग चाल.”

दाराशी रांग लागली. डोंगरे टॅब घेऊन उभे. अलीकडे हात सांगणं म्हणजे हजेरी झाली होती. बायका पट्टीला तळवा लावायच्या आधीच “हात आहे” म्हणून मोकळ्या व्हायच्या. परवीन म्हणाली, आत गेली. सुशी म्हणाली, आत गेली.

बेबीबाईंनी पट्टीवर तळवा टेकवला. पूर्ण सपाट, पाची बोटं पसरून. सपाट ठेवलेला तळवा थरथरतो की नाही हे कुणालाच कळत नाही.

“हात आहे,” त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत. डोंगरेंनी खूण केली.

मग मी. तांबं गार होतं. उंबऱ्यापलीकडे आमचं टेबल दिसत होतं, काच दिसत होती, लाकडाचा तो इवलासा चमचा दिसत होता. मी ठरवलेलं काहीच नव्हतं. घरून निघताना तर “आहे” म्हणायचंच ठरवलं होतं. माझा हात त्या दिवशी दगडासारखा स्थिर होता, हे मी आजही सांगते.

“हात नाही,” मी म्हटलं.

डोंगरेंनी मान वर केली. “काय?”

“हात नाही.”

“अहो मोनाली, उगाच काय. तिमाही संपून राहिली. नीट सांगा.”

“नीटच सांगितलं. नाही म्हणजे नाही.”

उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून बेबीबाई थांबल्या होत्या. त्यांनी मागं वळून माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या हाताकडे बघितलं. पट्टीवर टेकवलेल्या माझ्या सरळ, धडधाकट हाताकडे. मग पाय बाहेर घेतला.

लेबलांच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. त्या चिकटवत होत्या, मी खोकी देत होते. त्यांची लेबलं वाकडी बसत होती का हे बघायची मला हिंमत झाली नाही, आणि बघितलं असतं तरी रागानंही लेबल वाकडं बसतं. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि मला असोलकर साहेबांनी बोलावलं.

साहेबांसमोर संगणक होता आणि चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. माझी नव्हे, रकान्याची.

“मोनाली, तुमचं कारण काय टाकू? कितीतरी दिवसांनी कुणीतरी ‘नाही’ म्हटलंय. ‘हात’ असा कॉलम आता राहिला नाही.”

“बरं वाटत नाही असं टाका.”

“तसाही नाही. अपघात आहे, शिस्तभंग आहे, रजा आहे...” ते पडद्यावर बोट फिरवत होते. “शिस्तभंगात टाकलं तर तुमचं पुढं कठीण होईल. काहीतरी सांगा ना, ज्याला कॉलम असेल.”

मी म्हटलं, “मी गरोदर आहे.”

साहेबांचा चेहरा असा उजळला, जणू बातमी त्यांच्याच घरातली. “अरे वा. हा आहे. हा आहे बघा. अभिनंदन.” त्यांनी बटण दाबलं. तुझी पहिली सरकारी नोंद, रेवा. एका गृहस्थाची अडचण तू जन्माच्या आधीच दूर केलीस.

“साहेब, बेबीबाईंचा हात होता. माझ्यामुळे त्या बाहेर बसल्या. त्यांचे गुण कापू नका.”

“मी कुठं कापतो. सिस्टम कापते. सिस्टम जोडी ओळखत नाही, व्यक्ती ओळखते. व्यक्ती आत नव्हती.”

“मग त्यांना उद्यापासून दुसरी जोडी द्या.”

“जोडी अशी महिनाअखेरीला बदलता येत नाही, सुरक्षा नियमावलीत बसत नाही. नव्या जोडीला सराव लागतो, सही लागते.”

“म्हणजे नियमावली म्हणते त्यांनी आत जायचं नाही. आणि सिस्टम म्हणते त्या आत का गेल्या नाहीत.”

साहेबांनी जरा विचार केला. “हो,” ते म्हणाले. “पण दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.”

मी उठले तसं त्यांनी आवाज खाली आणला. “बेबीबाईंचं काही आहे का? म्हणजे तब्येतीचं वगैरे? डोंगरे म्हणत होते, वय दिसायला लागलंय. असेल तर सांगा. मेडिकल बोर्डाकडे पाठवू. त्याला स्वतंत्र कॉलम आहे.”

बोर्ड म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. बोर्डाकडे गेलेली बाई अनफिट ठरून महिना संपायच्या आधीच घरी जायची, आणि मग पायरी राहू दे, निरोपाचा चहासुद्धा नाही.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “त्यांचा हात चांगला आहे.”

मी परत येईपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. डोंगरेंच्या टॅबवर कारण उमटलं होतं आणि डोंगरेंच्या पोटात कधी काही राहिलं नाही. परवीननं मला मिठी मारली. सुशीनं डब्यातला शिरा पुढं केला. बेबीबाई लेबल लावत राहिल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी डिंकाचा डबा बंद केला.

“तुह्या पोटासाठी माह्या पोटावर पाय दिला तू,” त्या म्हणाल्या.

“मावशी, तसं नाही.”

“मंग कसं हाये? सांग ना. हात तुहा चांगला होता. मी पाह्यला.”

सांगायला एकच गोष्ट होती, आणि ती सांगायची म्हणजे दुसरीच्या हाताबद्दल बोलायचं. दार उघडं होतं. डोंगरे बाहेर टॅब पुसत उभे होते.

“काही नाही,” मी म्हटलं.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “काहीच नाही.”

त्या दिवशी काही झालं नाही. आमचं टेबल बंद राहिलं, बाकीची चालली. भराई झाली, भोंगा झाला, सगळ्या घरी गेल्या. कुठं ठिणगी पडली नाही, कुणाचं बोट गेलं नाही. न झालेल्या गोष्टीला कॉलम नसतो. महिनाअखेरीला फलकावर माझा ठिपका लाल झाला, बेबीबाईंचा पिवळा. पिवळ्याला पायरी नाही. निरोपाच्या दिवशी अद्वैतनं स्वतः त्यांना एक कॅसरोल दिला आणि ‘आपल्या चॅम्पियन’ असा उल्लेख केला. नाव मात्र बेबीताई जाधव म्हणाला. कुणी दुरुस्त केलं नाही. बेबीबाईंनीही नाही. त्यांनी कॅसरोल उजव्या काखेत धरला आणि डाव्या हातानं नमस्कार केला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढं सुधारणेचं काय झालं ते सांगायला फार लागत नाही. तू रांगायला लागलीस तोवर दुसरा कागद आला. ठिपके रद्द. का, ते कागदात नव्हतं. काही महिन्यांनी तिसरा कागद, की कामगारांनी रोज सकाळी स्वतःच्या क्षमतेचं ‘स्व-मूल्यांकन’ करावं, ही आधुनिक पद्धत आहे. तांब्याच्या पट्टीशेजारी आता एक मशीन बसवलंय. त्याच्यावर दोन तोंडं आहेत, एक हसरं, एक रडकं. आपण आपलं तोंड दाबायचं. मशीनचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि असोलकर साहेबांनी भाषणात ही कल्पना परदेशातली असल्याचं सांगितलं. परवीन म्हणाली, “आता रडायलाबी बटण दिलं. मेहरबानी.” अद्वैत हल्ली कुठल्याशा विमानतळाची सुधारणा करतो म्हणे. मी काही विमानानं जात नाही, बरंय.

बेबीबाईंची पायरी मात्र कुठल्या कागदानं परत आली नाही. कागद मागच्या तारखेनं लागू होत नाही. त्या गेटबाहेर ले-आउटच्या नव्या वस्तीत एका खोलीत राहतात. सकाळी दोन घरी स्वयंपाक करतात. सुरतेला गेल्या नाहीत.

आठवडी बाजारात भेटतात. माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्याशी बोलतात. कधी बोरं घेऊन देतात, कधी मूठभर शेंगा. गेल्या बुधवारी त्यांनी तुझ्या ओंजळीत बोरं टाकली तेव्हा दोन खाली पडली. आता त्यांचा हात थरथरतो, उघड दिसतं. मी बघत राहिले. पण आता त्या कितीतरी थकल्यात. आजच्या हातावरून त्या सोमवारच्या हाताचं काय सांगणार?

घरी येताना तू विचारलंस, “आई, ती आजी तुझ्याशी का नाही बोलत?”

मी टाळलं असतं. पण मागाहून दुसऱ्या कुणाकडून वेडंवाकडं कळण्यापेक्षा म्हटलं, आपणच सांगावं. तुला समजेल एवढं सांगितलं. की आम्ही दोघी एका टेबलावर काम करायचो. की आत जाताना हात सांगावा लागायचा. की एक दिवस मी “हात नाही” म्हटलं, त्यामुळे आजीलाही आत जाता आलं नाही, आणि तिला मिळणार होतं ते मिळालं नाही.

“तुझा हात दुखत होता?”

“नाही.”

“मग आजीचा?”

“ते कुणाला माहीत नाही.”

तू बोराची बी गालात फिरवत चार पावलं चाललीस. मग थांबलीस.

“मी तेव्हा तुझ्या पोटात होते ना?”

“हो.”

“मग तू ‘नाही’ कुणासाठी म्हणालीस? आजीसाठी, का माझ्यासाठी?”